दोष परत येईपर्यंत

आधी बसा. गाडीला हात लावू नका, बॉनेट उघडू नका, पान्ह्यांची पिशवी बंदच राहू द्या. औशाहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एखाद्या गॅरेजपुढे लिंबाची सावली असते, आडवं टाकलेलं जुनं टायर असतं. तिथे बसल्याचं मनात आणा. पुढचं सगळं सावकाश वाचायचं आहे. घाई झाली तर वाचणं थांबवा आणि श्वास मोकळा होईपर्यंत नुसतं समोर बघा.

समोर नाकवाला जुना टाटा सोळा-तेरा उभा आहे. एकूण वजन सोळा टन आणि इंजिन १३० अश्वशक्तीचं, त्यावरून पडलेलं हे नाव. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घराण्यातल्या गाड्या मराठवाड्याच्या रस्त्यांवर अजून भेटतात. ही त्यांतलीच एक समजा. दिवाळीच्या आगेमागे हिच्यावरून सोयाबीनचे कट्टे लातूरच्या आडतीला गेले, मग बेलकुंडला, किल्लारीला ऊस गेला, मृगाच्या आधी रेल्वेचा रॅक लागला की खताची पोती आली. हिच्या फळ्यांना त्या सगळ्यांचा वास आहे.

तक्रार एका ओळीची आहे. "कधी घेते, कधी घेत नाही." चावी फिरवली की एखाद्या वेळी सेल्फ इंजिनाला गरकन फिरवतो आणि गाडी लगेच सुरू होते. एखाद्या वेळी नुसता टक असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. अर्ध्या तासाने, कोणी काहीही केलेलं नसताना, गाडी पहिल्यासारखी.

या ओळीपाशी थांबा. पूर्ण बंद पडलेली गाडी माणसाला सरळ कामाला लावते. तुटलेली तार तुटलेलीच राहते. तुम्ही जेवून आलात तरी ती तिथेच असते. येणारा-जाणारा दोष मात्र तुम्ही बघायला गेलात की नसतो. ड्रायव्हर सांगतो, "काल तीनदा असंच झालं, मिस्त्री," आणि मिस्त्री चावी फिरवतो, आणि गाडी घेते. त्या क्षणी ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघा. खरं बोलूनही खोटा पडल्यासारखं त्याला झालेलं असतं. निदानाची सुरुवात तिथे होते, त्याच्यावर विश्वास ठेवण्यापासून. दोष दिसला नाही म्हणून सांगणाऱ्याला चुकीचा ठरवलं, तर पुढचं एकही मोजमाप उपयोगाचं राहत नाही, कारण काय मोजायचं हे तोच सांगणार आहे.

त्याच्या रात्रीचाही विचार करा. कारखान्याच्या यार्डात उसाची रांग लागलेली आहे. पुढची गाडी सरकते, ही सरकत नाही, मागचे हॉर्न वाजवू लागतात. भरलेल्या ट्रकला माणसं धक्का मारू शकत नाहीत, ट्रॅक्टर शोधावा लागतो. म्हणून असे ड्रायव्हर गाडी उतारावर लावायला शिकतात. औशाच्या सपाट माळावर उतार मिळणं सोपं नाही. उतार नसेल तिथे इंजिन चालूच ठेवून झोपतात, रात्रभर डिझेल जळत राहतं आणि झोपही अर्धीच होते. दोष कधी येतो, कधी जातो. त्याची धास्ती मात्र चोवीस तास सोबत असते.

आता हाताला होणारी घाई ओळखा. "बॅटरी बदलून बघू." हे वाक्य मनात आपोआप येतं. येऊ द्या, आणि जाऊ द्या. जुन्या गाडीच्या मालकांकडे अशा वाक्यांच्या पावत्या साठलेल्या असतात: नवी बॅटरी, मग सेल्फची दुरुस्ती, मग नवा चावीचा स्विच. यात एक गोष्ट फार फसवी आहे, ती नीट समजून घ्या. बॅटरी बदलताना तिची टर्मिनलं घासली जातात, वायरी हलतात, दोन-चार नट आवळले जातात. त्या हलण्याने दोष आठवडाभर दबतो. श्रेय बॅटरीला जातं. दोष परत येतो तेव्हा सेल्फचा नंबर लागतो, तो काढताना पुन्हा वायरी हलतात, पुन्हा आठवडाभर बरं. प्रत्येक नवा भाग काही दिवस गुणकारी ठरतो आणि खरी जागा प्रत्येक वेळी थोडक्यात हुकते. पैसे गेले हे नुकसान आहेच. त्याहून मोठं नुकसान असं, की दोषाची खूण दर वेळी पुसली जाते.

औसा तालुक्यातल्या माणसाला, आलं आणि गेलं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. किल्लारी याच तालुक्यातली. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथली जमीन पुन्हा पुन्हा हादरत होती; १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला मोठा. मग हादरे थांबले. लोक घरात झोपू लागले, पेरण्या झाल्या, गणपती बसले. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जे झालं ते या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आधीच्या धक्क्यांवरून ती पहाट कोणालाच सांगता आली नसती. भूकंपाची तारीख आजही कोणतं शास्त्र सांगत नाही. तारेच्या दोषाशी त्या दुःखाची बरोबरी करायची नाही. पण शांततेवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न या मातीवर बसून विचारायचा झाला तर ते मधलं वर्ष आठवल्यावाचून राहत नाही.

गाडीपुरतं एवढंच धरा: ती आत्ता सुरू झाली, यावरून ती आत्ता सुरू झाली एवढंच कळलं.

एक लांब श्वास घ्या. आता मनातल्या मनात इंजिनाकडे या.

हे डिझेल इंजिन आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला ज्याची यशस्वी चाचणी दाखवली, ते तत्त्व अजून तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवार सोडली की ठिणगीवाचून पेट घेते. या जुन्या गाडीत फवार सोडणारा पंपही इंजिनाच्याच गिअरवर फिरतो. त्याला वीज लागत नाही. बंद करताना ड्रायव्हर तार ओढतो आणि पंपाचं डिझेल तुटतं. म्हणजे एकदा सुरू झाल्यावर या इंजिनाला विजेची गरजच उरत नाही. नव्या गाड्यांत संगणक, सेन्सर, पंप सगळेच तारांवर अवलंबून. तिथे एक सैल पिन गाडी चालता चालता बंद पाडते. इथे तसं नाही. इथे वीज लागते ती इंजिन फिरवून द्यायला, दिव्यांना, हॉर्नला, वायपरला, काट्यांना आणि बॅटरी परत भरायला. शोधाचं रान आपोआप लहान झालं. जुन्या यंत्राची ही कृपा आहे, तिच्याकडे लक्ष द्या.

आता ड्रायव्हरला विचारायचं, आणि विचारून गप्प बसायचं. उत्तराच्या मध्ये बोलायचं नाही. तो सांगू लागेल.

"पहाटे थंडीत एका चावीत घेते. लांबून आली आणि थांबवली की मग घेत नाही. चहा पिऊन, इकडंतिकडं करून अर्ध्या तासाने आलं की घेते."

हे शब्द मनात ठेवा आणि उलटून बघा. बॅटरी थकलेली असती तर काय झालं असतं? थंडीत इंजिनाचं तेल दाट असतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि बॅटरीची ताकदही थंडीतच कमी असते. थकलेली बॅटरी पहाटे हरते. ही गाडी पहाटेच जिंकते. म्हणजे बॅटरीवरचा संशय ड्रायव्हरच्या तीन वाक्यांनी बराचसा उतरवला, एकही पान्हा न उचलता. नवी बॅटरी घेण्याची घाई आठवा, आणि तिच्यापासून आणखी थोडं मागे सरका.

"अजून काही?" एवढंच विचारा.

"चावी मारली की टेंपरेचरचा काटा उडतो. आणि एकदा ॲक्सिलरेटरच्या तारेला हात लागला तर ती गरम होती. इंजिनानेच तापली असंल."

"अजून काही?"

"डावीकडं वळताना कधीकधी हॉर्न वाजत नाही."

हे सगळं एका वहीत लिहून घ्या. तारीख, वेळ, गाडी किती चालून आली, भरलेली की रिकामी, ऊन की पाऊस. वही डॅशबोर्डवरच राहू द्या आणि लिहायचं काम ड्रायव्हरकडे द्या. अमेरिकेतल्या मोंटानाच्या नॉर्मन होल्टरने विसाव्या शतकाच्या मध्याला हृदयाचे ठोके चालत्या माणसावर नोंदणारं यंत्र केलं, त्यामागची अडचण हीच होती: दवाखान्यात आडवं केलं की ठोका सुरळीत, घरी गेलं की चुकतो. होल्टरचं पहिलं यंत्र ३८ किलोंच्या आसपास होतं, पाठीवर वागवावं लागे. आपली वही दहा रुपयांची आहे.

इथे पुन्हा थोडं थांबा. काट्याचं उडणं आणि तारेचं तापणं या दोन गोष्टी मनात नुसत्या शेजारी ठेवा. अर्थ लावायची घाई नको. आपोआप जुळल्या तर जुळू द्या.

आता विजेच्या मागे चाला. मनाने, एका वेळी एकच पाऊल.

बॅटरीच्या धन टोकापाशी उभे राहा. तिथून बोटाएवढी जाड केबल निघते आणि चेसिसच्या कडेने सेल्फपर्यंत जाते. तिच्यासोबत चाला. कुठे पट्टीने बांधली आहे, कुठे लोखंडाला घासते, कुठे जुन्या टेपवर नवी टेप आहे. सेल्फमध्ये शिरा, तिथे वीज फिरण्याची ताकद होते. बहुतेकांचा विचार इथे संपतो. वीज पोचली, काम झालं. पण विजेला परत यायचं असतं. ती परत बॅटरीत पोचली नाही तर मुळात निघतच नाही. परतीची वाट कुठून आहे? सेल्फच्या अंगातून इंजिनाच्या ओतीव लोखंडात, इंजिनातून एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीवरून चेसिसमध्ये, चेसिसमधून दुसऱ्या केबलने बॅटरीच्या ऋण टोकाला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ती पट्टी लागते. रबरातून वीज जात नाही. जाण्याच्या वाटेवर लाल रंग असतो, कव्हर असतं, माणसाचं लक्ष असतं. परतीच्या वाटेवर चिखल असतो.

त्या पट्टीपाशी थोडा वेळ राहा. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना एक झोक खातं. प्रत्येक झोक्याला पट्टी वाकते. इतकी वर्षं, रोज कितीदा. तिच्या बोल्टवर काळी माती लिंपलेली आहे. आपली ही माती पावसात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होऊन बोल्टला चिकटून राहते. खताची पूड सांडलेली आहे; युरिया हवेतली ओल ओढून घेतो, आणि अमोनियाचे क्षार तांब्याला आणि पितळेला खातात. हे सगळं त्या एका बोल्टवर, जिथे कोणी बघत नाही.

आणि स्पर्श. दोन धातू एकमेकांवर आवळले म्हणजे ते सगळीकडे भेटले असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विद्युत स्पर्शांचा आयुष्यभर अभ्यास केला. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही बारीक उंचवट्यांचा असतो आणि दोन पृष्ठभाग फक्त काही टोकांवर टेकतात. सगळी वीज त्या मोजक्या टोकांतून जाते. त्यांच्यावर गंजाचा थर चढला की टोकं आणखी कमी उरतात. गाडी तापली की तांबं आणि पोलाद सारख्या मापाने फुगत नाहीत. तांबं जास्त, पोलाद कमी. पकड किंचित बदलते. गाडी निवली की टोकं पुन्हा टेकतात. दोष येतो आणि जातो तो असा. तो लहरी वाटतो, पण लहरी नाही. उष्णता, ओल, झोका आणि दाब यांचा हिशेब तो काटेकोर पाळतो. आपल्याला त्यातले आकडे दिसत नसतात, एवढंच.

आता उठा. हातातली अंगठी आणि कडं काढून खिशात ठेवा. धन टोक आणि लोखंड यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते आणि बोट जातं. आणि मग एक काम, ज्याला बहुतेकांची तयारी नसते: गाडी बिघडू द्या. भरलेली असताना लातूरला नेऊन परत आणा. वीस-एक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. मग बंद करा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली दगड, आणि थांबा. थंड, रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी दोष नसलेल्या गाडीची तपासणी असते.

टक. आला.

या क्षणाला पळू नका. दोष आत्ता हजर आहे, तुमच्यासमोर आहे, आणि तुम्ही काहीही हलवलं तर तो जाईल. नट आवळू नका, वायर ओढू नका, हातोडीने सेल्फला ठोकू नका. ड्रायव्हर म्हणेल, "जरा ठोका की, मिस्त्री, लगेच घेईल." घेईलही. पण मग उद्या पुन्हा इथेच.

आधी हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगा. दिवे पार विझत आले, तर संशय बॅटरीवर आणि तिच्या टर्मिनलांवर. इथे दिवे जवळजवळ तसेच राहतात. म्हणजे बॅटरीत दम आहे, बॅटरीपासून चेसिसपर्यंतची वाटही ठीक आहे. अडलं आहे ते सेल्फच्या एकट्याच्या वाटेवर. विचाराचं वर्तुळ आणखी लहान झालं. श्वास घ्या.

मग मीटर. इथे एक सावधपणा हवा. नुसता मीटर लावून "बारा व्होल्ट येतात" म्हणणं या दोषात सगळ्यात जास्त फसवतं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज पीत नाही. त्याचा आतला रोध सहसा १ कोटी ओहम असतो. तारेच्या शंभर धाग्यांतला एक धागा शिल्लक असला तरी तो मीटरला पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवेल. जुने वायरमन टेस्टिंग बल्ब वापरतात त्यात शहाणपण आहे: २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मागितल्यावर वाट कितपत रुंद आहे ते कळतं. सेल्फ तर शेकड्यांनी अँपिअर मागतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मागत असताना. ड्रायव्हरला इंजिन बंद करायची तार ओढून धरायला सांगा, म्हणजे पंपाचं डिझेल तुटलेलं राहील आणि इंजिन मध्येच सुरू होणार नाही. मग चावी, एका वेळी काही सेकंदच, आणि मध्ये विश्रांती, सेल्फही तापतो.

हिशेब सोपा पडावा म्हणून गाडी १२ व्होल्टची धरू. २४ व्होल्टची असेल तर बॅटरीचा आकडा दुप्पट. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, चावी फिरवलेली असताना: ११.९. धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत: ०.३. आणि आता परतीची वाट. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण पोलच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशावर. दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. इथे पाव व्होल्टाच्या आसपास काही दिसायला हवं.

३.१.

आकड्याकडे बघत राहा. इतके दिवस ज्याला लहर म्हटलं गेलं, नशीब म्हटलं गेलं, ज्याच्यासाठी लिंबू-मिरची नवी बांधली गेली, ते या आकड्यात उभं आहे. गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे औशाच्या उन्हात लागू पडतो आहे. ३०० अँपिअर आणि ०.०१ ओहम, एवढा नगण्य रोध, की हातातल्या साध्या मीटरला तो ओहममध्ये धड मोजताही येत नाही. पण गुणाकार ३ व्होल्ट. बाराच्या गाडीतले तीन वाटेतच गेले, आणि ९०० वॅट उष्णता त्या एका बोल्टपाशी. ११.९ मधून ०.३ आणि ३.१ गेले, सेल्फच्या हाती साडेआठ उरले. तो टक म्हणतो यात त्याचा दोष नाही.

आता मघाचे दोन सुटे शब्द स्वतःहून जुळतात. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनाच्या लोखंडातूनच अर्थिंग घेतो. चावी मारताना ते लोखंडच चेसिसपेक्षा तीन व्होल्टांनी वर उचललं जात होतं, म्हणून काटा उडत होता. आणि पट्टीची वाट अरुंद झाल्यावर वीज दुसरी वाट शोधत होती. इंजिनाला केबिनशी जोडणारी जी कोणती धातूची वस्तू मिळेल तिच्यातून. ॲक्सिलरेटरची तार त्यांतली एक. ड्रायव्हरने दोन्ही गोष्टी आधीच सांगितल्या होत्या.

मधली वाट अर्धी करा. ऋण पोल ते चेसिस: ०.२. चेसिस ते इंजिन: २.९. पट्टी.

आता, आणि आताच, पान्हा घ्या. चावी बंद. आधी बॅटरीची ऋण केबल सोडवा, म्हणजे पुढे पान्हा कुठेही टेकला तरी ठिणगी नाही. मग पट्टीचा बोल्ट. तो घट्टच असेल. घट्ट बोल्टाने कितीतरी तपासण्या संपवल्या आहेत. उघडल्यावर पट्टीच्या टोकाच्या लगच्या पोटाशी हिरवट-पांढरी पूड दिसते. पट्टी हातात घेऊन वाकवून बघा. वरून अखंड, पण जिथे ती रोज वाकत होती तिथे आतले धागे तुटलेले. नवी पट्टी तेवढ्याच जाडीची घ्या. घाईत लोक बाजूने एक बारीक वायर जोडून देतात आणि ती सेल्फच्या पहिल्याच हिसक्याला वितळते. चेसिसची जागा आणि इंजिनाची जागा घासपेपरने चकाकेपर्यंत घासा, रंगाचा कणही नको. दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीनचा थर द्या, ओल बाहेर राहावी म्हणून. हे काम वीस-पंचवीस मिनिटांचं आहे. पैसे याच कामाचे मिळतील, आणि मालकाला ते जास्त वाटतील. पट्टीची किंमत सगळ्यांना दिसते. ती शोधताना काय काय करायचं टाळलं, ते कोणत्या पावतीवर लिहिणार? या धंद्यातला हा अन्याय मला फार जुना वाटतो, आणि निदानाची मजुरी वेगळी सांगून मागणाऱ्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे. खंडेनवमीला पान्हे, पकड, टेस्टिंग बल्ब यांच्यावर हळदकुंकू वाहतात, तेव्हा त्या वहीलाही जागा द्यायला हवी.

गाडी एका चावीत घेते. सगळे हसतात. तुम्ही हसा, पण अजून निघू नका. मघाशीही ती अर्ध्या तासाने घेतच होती. सुरू होणं हा पुरावा नाही हे आपण आधीच ठरवलं आहे, आणि आनंदाच्या वेळी ते पाळणं जास्त अवघड असतं. पुन्हा लातूर, पुन्हा भरलेली गाडी, पुन्हा तेच ऊन, तोच थांबा. पुन्हा मीटर, त्याच दोन जागी. चेसिस ते इंजिन: ०.१. मघाशी २.९ होते. आता म्हणता येईल. वहीत दोन्ही आकडे तारखेसह लिहा; पुढच्या उन्हाळ्यात हाच आकडा पुन्हा मोजला आणि अर्ध्या व्होल्टाकडे सरकलेला दिसला, तर टक येण्याआधीच कळेल.

वही हातात आहेच, तर ड्रायव्हरचं बोलणं पहिल्यापासून वाचून काढा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, पट्टीने हे समजतं का? पहाटे घेते: समजतं. तापल्यावर घेत नाही: समजतं. काटा: समजतं. तार: समजतं. डावीकडे वळताना हॉर्न.

हे समजत नाही. हॉर्नचा आणि या पट्टीचा संबंध लागत नाही, आणि तो ओढूनताणून लावायचा नाही. जुन्या गाडीत एका वेळी एकच दोष असावा असा कुठे करार झालेला नाही. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या खांबातून वर जाते, तिथे फिरत्या कडीवर एक संपर्क घासत असतो. ड्रायव्हरला खाली उतरवू नका. त्याला चाकं पूर्ण डावीकडे वळवायला सांगा आणि हॉर्नचं बटण दाबून धरायला सांगा.